तारकांचे व्याकरण

साध्या मजकुरात शब्दावर जोर द्यावयाचा असल्यास त्याच्या दोन्ही बाजूंस तारका टंकण्याची रीत ईमेलच्या व्यवहारात आपसूक रूढ झाली. वाचणारा माणूस होता. त्याला नियम लागत नव्हता. २००४ साली जॉन ग्रूबर यांनी अशाच रीतींवरून ‘मार्कडाउन’ ही खूणभाषा रचली आणि तिचे एचटीएमएलमध्ये रूपांतर करणारा पर्लमधील प्रोग्रॅम सोबत दिला. आता वाचक यंत्र झाले.

ग्रूबर यांनी वर्णन लिहिले, उदाहरणे दिली; काटेकोर व्याकरण मात्र लिहिले नाही. इतरांनी आपापले प्रोग्रॅम रचले, तेव्हा एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे दिसू लागली. हस्तलिखितांत अक्षर बदलले की पाठभेद होतो. येथे एकही अक्षर न बदलता पाठभेद झाला.

अडचणीचे मूळ असे की, या भाषेत ‘चूक’ ही कोटीच नाही. सी भाषेचा कंपायलर अशुद्ध वाक्य नाकारू शकतो; मार्कडाउनला काहीही नाकारता येत नाही. जोडीदार न सापडलेली तारकाही निदान तारका म्हणून छापावीच लागते. म्हणजे प्रत्येक संभाव्य मजकुराचा अर्थ आधीच ठरवून ठेवणे आले.

ते काम २०१४ साली ‘कॉमनमार्क’ने हाती घेतले. त्याचे विनिर्देश लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे बर्कले येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. केवळ जोर देण्याच्या खुणांसाठी तेथे १७ नियम आहेत. तारका उघडणारी की मिटणारी, हे तिच्या शेजाऱ्यांवरून ठरते: अक्षर, मोकळी जागा की विरामचिन्ह.

नियम तटस्थ भासतो. पण त्यात ‘शब्द कोठे संपतो’ याविषयीचे एक गृहीत दडलेले आहे. आम्ही ‘ज्ञानेश्वरी’तील असे लिहितो, तेव्हा मिटणाऱ्या तारकांच्या आधी अवतरणचिन्ह आणि लगेच पुढे प्रत्ययाचे अक्षर येते. नियमानुसार अशा तारका मिटणाऱ्या ठरत नाहीत. त्या तशाच छापल्या जातात. २०२४ च्या आवृत्तीतही हेच घडते. अवतरणचिन्हे तारकांच्या बाहेर ठेवली की काम भागते. पण मग तडजोड लेखकाने केलेली असते, नियमाने नव्हे.

इंग्रजीत नामाला विभक्तिप्रत्यय असा चिकटत नाही, म्हणून ही फट तेथे क्वचितच जाणवते. मराठीत ती पानोपानी जाणवेल. पदच्छेदाचे नियम करणारा नकळत एखाद्या भाषेचे व्याकरणच गृहीत धरीत असतो. ते कोणत्या भाषेचे, हे विचारण्याचे काम यंत्रज्ञांइतकेच भाषेच्या अभ्यासकांचेही आहे, असे आम्हांस वाटते.