म्हातारपणी पडणे टाळता येते : तोल आणि ताकदीचे व्यायाम

वस्तीत काम करताना ‘आजी मोरीत पडल्या’ हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. पुढे खुब्याचे हाड मोडल्याचे कळते. मग शस्त्रक्रिया, अंथरूण आणि देखभालीसाठी घरी थांबणाऱ्या सुनेचा किंवा मुलीचा बुडणारा रोजगार. ‘वय झाले, पडायचेच’ म्हणून विषय संपवला जातो. हा समज चुकीचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

माणूस का पडतो?
मांड्या-पोटऱ्यांची ताकद घटते, तोल सावरायला वेळ लागतो, नजर कमी होते. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांमुळेही काहींना चक्कर येते. एकदा पडलेला माणूस भीतीने हालचाल कमी करतो. त्यामुळे स्नायू आणखी कमजोर होतात आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो.

व्यायामाने काय होते?
२०१९ च्या कोक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या तपासल्या गेल्या. त्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तोल सांभाळण्याचे आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींचे व्यायाम विशेष उपयोगी ठरले. नुसत्या चालण्याबाबत मात्र तसा ठोस पुरावा मिळाला नाही.

कोणते व्यायाम करावेत?
- भक्कम खुर्चीवरून शक्यतो हाताचा आधार न घेता उठणे-बसणे
- भिंतीला हात लावून टाचा उचलणे
- आधार धरून काही क्षण एका पायावर उभे राहणे
- भिंतीलगत एका पायाच्या चवड्याला दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालणे
- आडवी पावले टाकणे

हे आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. सुरुवातीला जवळ कुणीतरी उभे असावे. नुकतेच पडलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी किंवा छातीत दुखणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे?
‘आयुष्यभर ओझी वाहिली, आता कसला व्यायाम?’ असे ज्येष्ठ आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण तरुणपणीच्या कष्टाची ताकद साठून राहत नाही. वापर थांबला की स्नायू झिजतात. हे त्यांना समजावून सांगावे लागते.

समाजमंदिरात आठवड्यातून तीन सकाळी अर्धा तास वर्ग घेता येईल. खुर्च्या आणि भिंत एवढेच साहित्य लागते. पहिल्या वेळी फिजिओथेरपिस्टकडून पद्धत शिकून घ्यावी. त्याच फेरीत घरोघरी मोरीतली निसरडी फरशी, रात्रीचा उजेड आणि झिजलेल्या चपलाही पाहाव्यात. वर्गाला दोनदा न आलेल्या आजी-आजोबांच्या घरी मात्र जरूर जावे. पडलेली माणसे अनेकदा ते कुणालाच सांगत नाहीत.