स्वयंचलित दरवाजा अडला, तर...

पहाटेची वेळ. उमरीहून नांदेड गाठायचे असते, गाडी तयार असते आणि पार्किंगचे स्वयंचलित शटर मात्र अर्ध्यावर येऊन थांबते. रिमोट दाबला की मोटार गुरगुरते. पण शटर जागचे हलत नाही. वाकलेल्या पट्ट्या सरळ करून देणारा फॅब्रिकेशनवाला तालुक्याच्या गावी सापडतो, परंतु मोटार आणि सर्किट जाणणाऱ्या तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. तो येईपर्यंत घरच्या माणसांनी काय तपासावे आणि कशाला मुळीच हात लावू नये, हे माहीत असणे आवश्यक आहे. हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. मोठ्या शटराचे वजन शंभर किलोच्या घरात जाऊ शकते आणि त्याखालून घरातील लहान मुले ये-जा करीत असतात.

आपल्याकडे ‘गॅरेज’ म्हटले की गाडी दुरुस्तीचे ठिकाण डोळ्यांसमोर येते. घरची जागा ती पार्किंग. तिला साधारणतः तीन प्रकारचे दरवाजे असतात : गुंडाळले जाणारे लोखंडी पट्ट्यांचे शटर, रुळावर सरकणारे फाटक आणि क्वचित कोठे छताखाली सरकत जाणारा पॅनेलचा दरवाजा. हा तिसरा प्रकार अमेरिकेतला. तेथे सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर सरकणारा दरवाजा आणि १९२६ मध्ये तो उचलणारे विजेचे यंत्र तयार केले. प्रकार कोणताही असो, तपासणीचा क्रम एकच : आधी वीज, मग रिमोट, त्यानंतर सेन्सर आणि शेवटी मार्ग.

वीज आणि रिमोट

प्रथम भिंतीवरील बटण दाबून पाहावे. बटणाने दरवाजा चालतो आणि रिमोटने चालत नाही, तर दोष बहुधा रिमोटच्या सेलमध्ये असतो. सेल बदलूनही उपयोग न झाल्यास माहितीपुस्तिकेप्रमाणे रिमोटची यंत्राशी पुन्हा जोडणी करावी. दोन्हींनी काहीच घडत नसेल, तर एमसीबी पडला आहे का, हे पाहावे.

मोटार गुरगुरते पण उचलत नाही, तेव्हा विजेच्या दाबाकडे लक्ष द्यावे. अशा मोटारीचे बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर बळ सुमारे साठ टक्क्यांवर येते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबल्यास मोटार जळण्याची भीती असते. दाब योग्य असूनही गुरगुर थांबत नसेल, तर कपॅसिटर निकामी झालेला असू शकतो. वीज बंद केल्यानंतरही त्यात विद्युतभार शिल्लक राहतो. म्हणून ते काम तंत्रज्ञाचेच.

मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. चार-पाच वेळा लागोपाठ चालविलेली मोटार अशा दिवसांत तापते आणि आतील संरक्षक स्विचमुळे आपोआप बंद पडते. हा बिघाड नव्हे. अर्धा तास थांबावे.

उघडतो, पण बंद होत नाही

ही तक्रार असेल, तर संशय सेन्सरवर घ्यावा. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून थोड्या उंचीवर समोरासमोर दोन लहान डोळे बसविलेले असतात. त्यांच्यामधील अदृश्य किरण अडला की दरवाजा खाली येत नाही. धूळ, कोळ्याचे जाळे, टेकवून ठेवलेला झाडू किंवा सायकलचे चाक एवढे कारण पुरते. काच मऊ कोरड्या फडक्याने पुसावी आणि दोन्ही डोळे एका रेषेत आणावेत. पश्चिमाभिमुख घरांत संध्याकाळचे तिरपे ऊन थेट सेन्सरवर पडूनही हा घोटाळा होतो. तेथे डोळ्यावर छोटी झडप लावून घ्यावी.

येथेच एक गंभीर चूक होते. सेन्सर ‘त्रास देतो’ म्हणून त्याच्या तारा परस्पर जोडून तो कायमचा निकामी केला जातो. अमेरिकेत अशा दरवाजांखाली सापडून लहान मुलांचे मृत्यू झाल्यानंतर १९९० मध्ये कायदा झाला. त्यानुसार १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती यंत्रांना अडथळा ओळखण्याची सोय सक्तीची झाली. अडथळ्यावर आपटल्यास दोन सेकंदांत दरवाजा उलट फिरला पाहिजे, असा तेथील दंडक आहे. आपल्याकडील कित्येक शटरांना मोटार असते, सेन्सर मात्र नसतो. नवे शटर घेताना याची विचारणा अवश्य करावी.

काळ्या जमिनीचा परिणाम

फाटक सरकताना मध्येच अडत असेल, तर रूळ तपासावा. खडे, वाळू किंवा वाळलेला चिखल साचला असल्यास तो काढावा. मराठवाड्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल, तर फाटकाचे खांब आणि रूळ हळूहळू रेषेबाहेर जातात. मग मोटारीवर ताण येतो आणि दोष मोटारीच्या माथी मारला जातो. मोटार बदलण्यापूर्वी रुळाला दोरी लावून तो सरळ आहे का, हे पाहावे.

शटर योग्य जागी न थांबता पुढे जात असेल, तर लिमिट स्विच बिघडलेला असतो. त्या स्थितीत शटर चालवू नये.

हाताने उघडताना

वीज नसताना दरवाजा उघडण्यासाठी शटराला साखळी, फाटकाला किल्ली, तर पॅनेलच्या दरवाजाला दोरी असते. पॅनेलचा दरवाजा शक्यतो पूर्ण बंद असतानाच दोरी ओढावी. तो अर्धवट उघडा असेल आणि स्प्रिंग तुटलेली असेल, तर दोरी ओढताच तो कोसळतो. स्प्रिंग नसलेल्या शटराचे वजन मोटारीचा ब्रेक धरून ठेवतो. ब्रेक सोडताना खाली कोणीही नसावे. स्प्रिंगला तर घरच्या माणसाने पान्हा लावूच नये. पीळ दिलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेले बळ निसटले, तर हात मोडण्याइतपत इजा होते.

महिन्यातून एकदा चाचणी घ्यावी. सेन्सर असल्यास दरवाजा बंद होत असताना बाजूला उभे राहून लांब काठीने किरण अडवावा. दरवाजा थांबला किंवा परतला पाहिजे. तसे न झाल्यास दुरुस्ती होईपर्यंत मोटारीचा वापर बंद ठेवावा. हाताने उघडण्याची रीत घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला दिवसाउजेडी दाखवून ठेवावी, किल्लीची जागा ठरवावी आणि रिमोट मुलांच्या हाती खेळणे म्हणून देऊ नये.