क्रिस्तपुराणाचा श्रोतृवर्ग

गोव्यांतील साष्टी प्रांतांत ख्रिस्ती धर्म कसा पसरला, या प्रश्नास आपल्याकडे ठराविक दोन उत्तरें मिळतात. एक पक्ष म्हणतो, तो तरवारीच्या व कायद्याच्या बळावर पसरला. दुसरा म्हणतो, साधुपुरुषांच्या उपदेशानें पसरला. दोहोंसही कागदपत्रांचा आधार आहे, आणि म्हणूनच दोहोंपैकीं एकट्यानें समाधान होत नाहीं. या वादाचा निकाल लावण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. सक्तीनें म्हणा किंवा खुषीनें म्हणा, एकदां धर्मांतर झाल्यावर तो धर्म घरांत व शेजारपाजारीं एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानीं कसा गेला, एवढेंच फादर तोमास स्टीफन्स याच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या अनुरोधानें पाहावयाचें आहे.

सक्तीची बाजू आरंभींच सांगितली पाहिजे. ती वगळून पुढची हकीगत सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गोव्यांत इन्क्विझिशन १५६० सालीं आलें. १५६७ सालीं रायतूरचा कप्तान दियोगु रोद्रिगिश यानें साष्टींतील देवालयें पाडलीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेझुइट धर्मोपदेशकांस ठार मारिलें. पुढें पोर्तुगीजांनीं तेथील पुढाऱ्यांस बोलावून आणून दग्यानें मारिलें. स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशर परगण्याचा, जन्म १५४९ चा. तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला आणि १६१९ मध्यें मरण पावेपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, त्याचें आयुष्य बहुतांशीं याच साष्टींत गेलें. ज्या लोकांस त्यानें मराठी ओवींत ख्रिस्तकथा सांगितली, त्यांच्यांतील वृद्धांनीं आपलीं देवळें पडतांना डोळ्यांनीं पाहिलीं असलीं पाहिजेत.

ग्रंथाच्या पहिल्याच प्रसंगांत कवीनें आपल्या लेखनाचें निमित्त सांगितलें आहे. दोत्रिनेच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वेळीं एक ब्राह्मण उठून विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं मन रमेल असा तसाच एखादा ग्रंथ आम्हांस कां देत नाहीं? प्रश्न अशा आशयाचा आहे. हा प्रसंग घडला तसा लिहिला, कीं ग्रंथारंभासाठीं योजला, हें ठरविण्याचें साधन नाहीं. परंतु एक गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. धर्मसत्तेच्या परवान्यावांचून त्या काळीं गोव्यांत पुस्तक छापतां येत नसे. आणि जी सत्ता जुन्या पोथ्या जप्त करीत होती, तिच्याच नजरेखालून हें गाऱ्हाणें छापलें गेलें. श्रोत्यांमध्यें अशी कुजबूज मुळींच नसती, तर कवीस ती ग्रंथारंभीं घालण्याचें कारण काय होतें? माझ्या मतें या प्रश्नांत नुसती जिज्ञासा नाहीं, तक्रारही आहे. आणि स्टीफन्सनें ती तक्रार म्हणूनच ऐकली.

त्याचें उत्तर म्हणजे हा १०,९६२ ओव्यांचा ग्रंथ. पूर्वार्धांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारांतील कथा, उत्तरार्धांत ख्रिस्तचरित्र. स्वर्गास त्यानें वैकुंठ म्हटलें, मोक्ष व मुक्ति हे शब्द न बिचकतां वापरले, आणि आरंभीं नमन करण्याची मराठी कवींची रीतिही पाळली. याच मिशनांतील एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच पाद्र्यानें थोड्याच वर्षांनीं सेंट पीटरवर मराठी पुराण रचलें; त्यांत हिंदु देवदेवतांच्या खंडनावरच भर आहे. स्टीफन्सनें मूर्तिपूजेची निंदा केली नाहीं असें नाहीं, पण त्याचा ओघ कथेकडे आहे. खंडनाचें पुस्तक वादाच्या वेळीं उपयोगी पडतें. संध्याकाळीं घरांत बसून वाचण्यास कथाच लागते.

आतां वाचनाची पद्धति. १६१६ सालीं रायतूर येथें हा ग्रंथ छापला, तो रोमन लिपींत. देशी अक्षरांचे ठसे करण्याचा विचार स्टीफन्सनें १६०८ च्या एका पत्रांत मांडला होता, पण तो सिद्धीस गेला नाहीं. परिणाम असा कीं, भाषा गांवची आणि अक्षर परक्याचें. खेड्यांत तें अक्षर जाणणारे थोडेच असावयाचे. म्हणून एकानें वाचावें व दहांनीं ऐकावें, हें ओघानेंच आलें. देवळांतील कट्ट्यावर पुराणिकाची जी जागा होती, ती आतां इगर्जींत मीसेनंतर वाचणाऱ्यास मिळाली. ऐकणारा ओवी पाठ करून घरीं नेई. ओवी ही जात्यावरची व पाळण्याजवळची चीज. ती घरांत नेण्यास पाद्र्याची गरज नव्हती.

घरच्या घरीं धर्म पोंचविण्याची ही युक्ति स्टीफन्सच्याही आधीची आहे. फ्रान्सिस झेवियर १५४२ त गोव्यास आला, तेव्हां तो घंटा वाजवीत मुलें गोळा करी. पुढें दक्षिणेकडील मोतीकिनाऱ्यावर त्यानें मुलांस सांगितलें कीं, शिकलेली प्रार्थना घरीं आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवा. त्याच्याच १५४४ च्या पत्रावरून दिसतें कीं, घरांतील मूर्तिपूजेची खबर हींच मुलें त्यास आणून देत. आईस प्रार्थना शिकविणारें मूल आणि आईची चुगली सांगणारें मूल एकच! मिशनच्या इतिहासकारांनीं पहिल्या अर्ध्यावर पानें भरलीं व दुसरें अर्धें ओझरतें सांगितलें. विरुद्ध पक्षानें याच्या उलट केलें.

क्रिस्तपुराणाच्या पुन्हां १६४९ व १६५४ सालीं आवृत्त्या निघाल्या. तिन्ही आवृत्त्यांची छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. दरम्यान सरकारचें धोरण पालटलें. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें हुकूम काढला कीं, देशी लोकांनीं तीन वर्षांत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. ज्या भाषेच्या गोडीचे गोडवे स्टीफन्सनें गाइले, ती त्याच्याच धर्मबंधूंच्या राज्यांत गुन्ह्याच्या पंगतीस बसली. हुकूम संपूर्णपणें अंमलांत आला नाहीं हें उघड आहे. नाहीं तर आज गोव्यांत कोंकणी ऐकूं आली नसती.

ग्रंथ जगला तो कानडा जिल्ह्यांत. सतराव्या व अठराव्या शतकांत गोव्याहून निघून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या हस्तलिखित प्रती बाळगल्या. १७८४ त टिपू सुलतानानें या लोकांस कैद करून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ त त्याच्या मृत्यूनंतर उरलेले सुटले. त्या बंदिवासांत क्रिस्तपुराणाच्या ओव्या म्हणून त्यांनीं धीर धरला, अशी त्यांच्यांत परंपरा आहे. परंपरा हा कांहीं दस्तऐवज नव्हे. तथापि कानड्यांत प्रती टिकून राहिल्या ही गोष्ट खरी, आणि त्यांवरूनच जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरास रोमन लिपींत आवृत्ति छापली. लंडन येथील मार्स्डेन संग्रहांत एक देवनागरी प्रतही सांपडली आहे. तींत रोमन प्रतींतील कित्येक पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. तें मूळचेंच रूप कीं मागाहून कोणीं केलेली शुद्धि, यावर अभ्यासकांचें एकमत नाहीं.

महाराष्ट्रांतील वाचकांस हा ग्रंथ देवनागरींत छापलेला मिळाला तो १९५६ सालीं, शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास काढलेल्या आवृत्तीमुळें. साष्टींतील तो प्रश्न छापल्यास तेव्हां ३४० वर्षें झालीं होतीं.