विश्रांतीतील श्रम

विश्रांती म्हणजे काहीही न करणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मज्जापेशीचा इतिहास वाचताना ही समजूत आपल्याला सोडून द्यावी लागते.

१७९१ साली बोलोन्याचे प्राध्यापक लुइजी गाल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोग प्रसिद्ध करून प्राण्याच्या देहातच वीज असते, असा सिद्धांत मांडला. आलेस्सांद्रो व्होल्टा यांना तो अमान्य होता. वीज दोन भिन्न धातूंच्या संपर्कातून उपजते, असे त्यांचे म्हणणे. १७९८ साली फ्रेंचांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या प्रजासत्ताकाशी एकनिष्ठतेची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे गाल्व्हानींचे पद गेले आणि त्याच वर्षी ते निवर्तले. १८०० साली व्होल्टांचा विद्युतघट जगापुढे आला. वाद मिटला, असेच अनेकांना वाटले.

परंतु १९०२ साली यूलियुस बर्नश्टाइन या जर्मन शास्त्रज्ञाने देहातील विजेचे मूळ पेशीच्या पटलात दाखवून दिले. पेशीच्या आत पोटॅशियम विपुल असते. विश्रांत पटल त्याच्या कणांना वाट देते; ते धनभार घेऊन बाहेर झिरपतात आणि आतली बाजू ऋणभारित होते. हा ऋणभारच मग उरलेल्या कणांना मागे खेचून धरतो. आज हा भेद सुमारे ७० मिलिव्होल्ट मानला जातो. संदेश जाताना तो केवळ शून्यावर येतो, असे बर्नश्टाइन यांचे अनुमान होते.

१९३९ साली प्लिमथ येथे ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूत थेट विद्युताग्र घातले, तेव्हा संदेशाच्या क्षणी आतली बाजू चक्क धनभारित झालेली आढळली. विश्रांतीविषयी बर्नश्टाइन बव्हंशी बरोबर होते. संदेशाविषयी त्यांचे अनुमान अपुरे पडले. महायुद्धाने खंडित झालेले ते कार्य १९५२ साली पूर्णत्वास गेले. संदेशाच्या वेळी सोडियम आत शिरतो, हे सिद्ध झाले.

एक प्रश्न उरलाच. कण असे सतत झिरपत असतील, तर भेद नाहीसा का होत नाही? १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांना खेकड्याच्या मज्जातंतूत त्याचे उत्तर गवसले. पटलात एक प्रकारचा पंप असतो. तो प्रत्येक फेरीत सोडियमचे ३ कण बाहेर काढतो, पोटॅशियमचे २ आत घेतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतो.

आपला मेंदू वजनाने देहाच्या सुमारे २ टक्के. पण विश्रांत देहाची सुमारे २० टक्के ऊर्जा तो घेतो आणि तिचा मोठा वाटा या पंपांवर खर्च होतो. आपण निजलो तरी ते थांबत नाहीत. गाल्व्हानींनी जिच्यासाठी आग्रह धरला, ती देहातील वीज अशा अखंड श्रमावर उभी आहे.