टिळकांचा लॉ क्लास आणि खापरखेड्याची क्लॅट

लोकमान्य टिळक कोचिंग क्लास चालवायचे. हे वाक्य मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा दोघांनी हसणारे इमोजी टाकले आणि एकाने 'सोर्स?' एवढंच विचारलं. पण गोष्ट खरी आहे. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन्ही पत्रं कर्जासकट त्यांच्या अंगावर आली. पत्रांतून घर चालत नव्हतं, उलट घरातूनच पत्रं चालवायची वेळ होती. त्या सुमारास त्यांनी दोन उद्योग केले. एक, लातूरच्या जिनिंग कारखान्यात भागीदारी. दुसरा, पुण्यात लॉ क्लास. वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना फी घेऊन शिकवायचं. मुंबई इलाख्यातला हा अशा प्रकारचा पहिला वर्ग मानतात.

मी या माहितीपर्यंत पोचलो तो माझ्या मावसबहिणीमुळे. आमचं गाव खापरखेडा, नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात. वीज केंद्राचं गाव. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० चा एक, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. इथला हुशार मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर होणार हे चिमण्यांकडे बघूनच ठरतं. माझंही तसंच ठरलं. बहीण मात्र बारावीत आहे आणि तिला वकील व्हायचंय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. मी पुण्याहून फोनवर तिला क्लॅटबद्दल सांगत होतो, तर तिने मधेच विचारलं, "दादा, हा पेपर मराठीत राहते का?"

नाही राहत. आणि असं का, हे शोधताना मी दीडशे वर्षं मागे गेलो.

इंग्रजी राज्यात वकिलीच्या धंद्याला पहिल्यापासून पायऱ्या होत्या. सगळ्यात वर लंडनहून आलेले बॅरिस्टर. मग विद्यापीठाची एलएलबी झालेले आणि हायकोर्ट प्लीडरची परीक्षा दिलेले. त्याखाली डिस्ट्रिक्ट प्लीडर. या शेवटच्या परीक्षेला पदवी लागत नसे. पास झालात की जिल्ह्यातल्या कोर्टांत उभं राहता यायचं, हायकोर्टात मात्र नाही. मुंबईत १८५५ पासून कायद्याची व्याख्यानं सुरू झाली होती, आजचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज ते हेच. पण साताऱ्याच्या किंवा सोलापूरच्या मुलाला मुंबईत राहून शिकणं परवडायला हवं ना. त्याने पुस्तकं मिळवायची, एखाद्या वकिलाकडे बसून काम बघायचं आणि परीक्षेला जायचं.

टिळकांचा क्लास उभा राहिला तो नेमका या फटीत. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर, या दोन्ही परीक्षांची तयारी तिथे करून घेत. टिळक स्वतः १८७९ चे एलएलबी. सरकारी नोकरी करायची नाही असं त्यांनी आगरकरांबरोबर ठरवलं होतं आणि वकिलीही कधी केली नाही. म्हणजे सनद न वापरणारा माणूस इतरांना सनद मिळवून देत होता. १८९६ मध्ये साताऱ्याला वकिली करणाऱ्या न. चिं. केळकरांना त्यांनी पुण्याला बोलावून घेतलं, तेही 'मराठा'च्या कामाबरोबर या क्लासच्या मदतीसाठी. आणि १८९७ मध्ये क्लासचे मास्तरच राजद्रोहाच्या खटल्यात आरोपी झाले, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. फौजदारी कायद्याचं इतकं जिवंत उदाहरण कुठल्याच क्लासच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. पुढे १९०८ च्या खटल्यात त्यांनी कोर्टात आपली बाजू स्वतःच मांडली.

'पूर्वी लोक विद्येसाठी शिकायचे, आता क्लासेसचा धंदा झालाय' असं जे म्हणतात, त्यांना मी हल्ली ही गोष्ट सांगतो. वकिलीच्या परीक्षेच्या दाराशी फी घेणारा क्लास एकोणिसाव्या शतकापासून आहे. बदललं ते वेगळंच.

तेव्हाची परीक्षा अभ्यासाच्या शेवटी असायची. तुम्ही कुठे शिकलात, कोणाकडून शिकलात, किती वर्षं लावलीत, याच्याशी परीक्षकाला कर्तव्य नव्हतं. तिशीत बसा, नोकरी करून बसा. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर तपासणी आउटपुटला होती. आज ती इनपुटला आहे. सतराव्या वर्षी, कायद्याचं एक पान वाचण्याआधी, दोन तासांत.

हे म्हणून जुनं दार फार उदार होतं असं नाही. कॉर्नेलिया सोराबजींचं उदाहरण घ्या. जन्म १८६६, नाशिक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएलबी पास. १८९९ मध्ये अलाहाबादला वकिलीची परीक्षा पास. तीन परीक्षा देऊनही कोर्टात वकील म्हणून उभं राहायची परवानगी नाही, कारण बाई. त्यासाठी कायदा बदलावा लागला, तो १९२३ मध्ये. तोवर त्यांचं वय सत्तावन्न होत आलं होतं.

डॉ. आंबेडकरांपुढे दार उघडं होतं, पण तिथवर पोचण्याचं भाडं जबर होतं. १९१६ मध्ये त्यांनी लंडनला ग्रेज इनमध्ये नाव घातलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये परत यावं लागलं. पैसे जमवून १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. परत आल्यावर वकिलीत लगेच पैसा नव्हता, म्हणून १९२५ ते १९२८ ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. पुढे १९३५ ते १९३८ गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य. टिळक आणि आंबेडकर, दोघांनीही चरितार्थासाठी कायदा शिकवला, ही जोडी पाठ्यपुस्तकात एका पानावर कधी येत नाही.

आमच्या नागपूरचं कायद्याचं कॉलेज १९२५ चं, विद्यापीठाच्या स्थापनेनंतर दोन वर्षांनी आलेलं. आज त्याला बाबासाहेबांचं नाव आहे. सुरुवातीच्या काळात व्हिव्हियन बोस तिथे प्राचार्य होते, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९३५ ते १९४३ या काळात एम. हिदायतुल्ला तिथे शिकवत, ते पुढे सरन्यायाधीश झाले. पी. व्ही. नरसिंह रावांनीही कायदा शिकला तो नागपूर विद्यापीठातच. अलीकडचे शरद बोबडे याच शहरात शिकले, वाढले, वकिली केली आणि २०१९ मध्ये सरन्यायाधीश झाले. २०२५ मध्ये त्या पदावर बसलेले भूषण गवई अमरावतीचे, त्यांचीही वकिली नागपूर खंडपीठातली. यांतल्या कोणीही क्लॅट दिलेली नाही. तेव्हा ती नव्हतीच. पदवी घ्यायची, फॉर्म भरायचा, प्रवेश घ्यायचा. आमच्या कॉलनीत एक काका पाळीची नोकरी सांभाळून एलएलबी झाले होते. रात्रपाळी संपवून थेट वर्गात, आणि सायकलच्या कॅरिअरला दंडसंहितेचं पुस्तक. ते कोर्टात फारसे गेले नाहीत, पण कॉलनीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यांनीच लिहून दिले.

वळण आलं १९८० च्या दशकात. बार कौन्सिलने १९८२ मध्ये बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची कल्पना पुढे आणली. एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूला नॅशनल लॉ स्कूल उभं राहिलं आणि १९८८ मध्ये पहिली तुकडी आली. हेतू चांगला होता. कायद्याचं शिक्षण म्हणजे दुसरं काही न जमलेल्यांचा निवारा, ही तेव्हाची अवस्था बदलायची होती, आणि ती बऱ्याच अंशी बदललीही. मग इतर राज्यांत अशी विद्यापीठं आली, प्रत्येकाची परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा, प्रवास वेगळा. २००६ मध्ये यावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. २००८ मध्ये सात विद्यापीठांनी मिळून एक परीक्षा घेतली, ती पहिली क्लॅट. त्या सातांत महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. आपला कायदा २०१४ चा. मुंबई, नागपूर आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, अशी तीन विद्यापीठं त्यातून आली. नागपूरचं वारंग्याला आहे, बुटीबोरीच्या बाजूला. म्हणजे शहराच्या उत्तर टोकाला आम्ही आणि दक्षिण टोकाला ते.

बहिणीसाठी मी क्लॅटचे जुने पेपर काढले. २०१९ पर्यंत दोन तासांत २०० प्रश्न असायचे. त्यात सामान्यज्ञान आणि कायद्याच्या संज्ञा यांचं पाठांतर चालून जायचं. २०२० पासून सगळं बदललं. आता प्रत्येक विभागात उतारे. उतारा वाचा, मग त्यावरचे प्रश्न सोडवा. सध्या १२० प्रश्न, चुकलात की पाव गुण जातो. पाठांतरापेक्षा समज बघायची ही कल्पना मला मनापासून पटते. फक्त एक गोष्ट होते. तर्कशक्तीचा विभाग असो, कायद्याचा असो की गणिताचा, प्रत्येक विभाग आधी इंग्रजीचाच पेपर होतो. दाट इंग्रजी वेगाने वाचता येणं हे त्या दोन तासांचं खरं भांडवल. बहिणीला तर्काचे प्रश्न मराठीत समजावले तर ती माझ्याआधी उत्तर देते. तोच उतारा इंग्रजीत वाचायला तिला दुप्पट वेळ लागतो, आणि घड्याळाला कारण सांगता येत नाही. शिवाय सर्वसाधारण प्रवर्गासाठी नुसत्या अर्जाचे ४,००० रुपये. धरमपेठेतल्या क्लासची फी आणि रोजचा बसप्रवास त्याच्या वर.

दुसरं दार आहे. महाराष्ट्राची स्वतःची लॉ सीईटी, २०१६ पासून सुरू झालेली. ती इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असते, उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. नागपूरचं आंबेडकर लॉ कॉलेज, पुण्याचं आयएलएस, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, या सगळ्यांची वाट तिथून जाते. हा दिलासा छोटा नाही. तरी एकाच शहरात कायदा शिकायच्या दोन जागा, एकीचं दार मराठीतून उघडतं आणि दुसरीचं उघडत नाही, हे मला खटकतं. वारंग्याची जागा राज्याच्या कायद्याने, राज्याच्या जमिनीवर उभी आहे.

इंग्रजीशिवाय वकिलाचं चालतं कुठे, असं यावर लगेच ऐकू येतं. हायकोर्ट आणि सर्वोच्च न्यायालयापुरतं ते खरं आहे, राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमात तशी तरतूद आहे. पण राज्य सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेनुसार खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. सावनेरच्या कोर्टात साक्ष मराठीत होते, तीही फिर्याद, कबुली, दस्तऐवज, तारीख अशा फारसीतून आलेल्या मराठीत. आणि कायद्याची पदवी घेतल्यावर वकिली करण्यासाठी बार कौन्सिलची जी अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते, २०११ पासूनची, ती मराठीतून देता येते. वकील होऊन बाहेर पडताना मराठी चालते. वकील व्हायला आत शिरताना चालत नाही. मी ज्या जेईईतून गेलो तीही २०२१ पासून मराठीत आहे, आणि यंत्रांना तर कुठलीच भाषा येत नाही.

२०२३ मध्ये क्लॅट भारतीय भाषांत घ्यावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. बार कौन्सिलने मागणीला पाठिंबा दिला. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांच्या संघाने तयारीच्या आणि अचूक भाषांतराच्या अडचणी मांडल्या. भाषांतराची अडचण खोटी नाही. कायद्याच्या उताऱ्यात एक शब्द सरकला की उत्तर सरकतं. पण महाराष्ट्र शासनाचा न्यायव्यवहार कोश कधीचा तयार आहे, आणि लॉ सीईटी दरवर्षी हजारो मुलांना मराठीत पेपर देते. अवघड आहे आणि अशक्य आहे, यांत फरक असतो. तो ओळखता येतो का, हेच तर क्लॅटच्या तर्काच्या विभागात विचारतात.

आमच्या भागात हा प्रश्न नुसता करिअरचा नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत शिरलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आमच्या शेजारच्या नांदगावच्या राखेच्या तळ्याचा प्रश्न राज्यभर गाजला. अशा प्रत्येक प्रकरणात सुरुवातीचा कागद मराठी असतो. सातबारा, फेरफार, तलाठ्याचा पंचनामा, ग्रामपंचायतीचा ठराव. प्रकरण वर गेलं की त्याचं इंग्रजी होतं. मधे जो माणूस उभा असतो, त्याला 'धुरा' म्हणजे दोन शेतांमधला बांध हे माहीत असावं लागतं, आणि 'इनजंक्शन' म्हणजे काय हेही. पहिली गोष्ट कुठलाच क्लास शिकवत नाही. दुसरी पाच वर्षांत शिकता येते.

बहिणीने दोन्ही फॉर्म भरलेत. सीईटीची तयारी मराठीतून चालू आहे. क्लॅटसाठी ती रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख वाचते आणि अडलेले शब्द रात्री मला पाठवते. काल तिने 'प्लीडर' पाठवला होता. मी टिळकांच्या क्लासबद्दल लिहिलं. तिने विचारलं, फी किती होती?