नसरापूर ते मढे घाट: मावळच्या खडबडीत वाटांचा इतिहास

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सुमारे ३५ किलोमीटरवर चेलाडी फाटा येतो. तेथून उजवीकडे वळलेला रस्ता नसरापूर, मार्गासनी, विंझर अशी गावे घेत सुमारे ३० किलोमीटरवर वेल्ह्याला पोहोचतो. मार्गासनीला एक फाटा साखरमार्गे गुंजवण्याकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याशी जातो. वेल्ह्याच्या डोक्यावर तोरणा उभा असतो. तेथून पुढे भट्टी, पासली, केळद. केळदच्या पलीकडे सह्याद्रीचा कडा तुटतो आणि खाली कोकण सुरू होते.

रुंद टायरची, खडी-मुरमावर पळण्यासाठी घडवलेली ग्रॅव्हल सायकल ज्यांच्याकडे आहे, त्यांना हवे ते सारे या पट्ट्यात आहे: डांबर संपल्यावर सुरू होणारे मुरमाचे रस्ते, वाडीला जोडणाऱ्या गाडीवाटा, खिंडींचे चढ. हा सायकलप्रकार अमेरिकेतला. कॅन्सस राज्यात २००६ साली सुरू झालेल्या ‘डर्टी कांझा’ या शर्यतीने, जिला आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ म्हणतात, त्याला लौकिक दिला. २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. पण कॅन्ससचे खडीचे रस्ते सरकारी मोजणीदारांनी आखलेल्या मैल-मैलाच्या चौकटीवरून, पट्टी ठेवल्यासारखे सरळ जातात. मावळातल्या वाटा कोणी कागदावर आखल्या नाहीत. त्या पाण्याने आणि कातळाने ठरवल्या.

सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा बनला आहे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची माची होते. म्हणून येथली जुनी वाट एका माचीवरून डोंगराला बिलगून आडवी जाते आणि कड्याला जेथे ओढ्याने खाच पाडली असेल तेथेच वर चढते किंवा खाली उतरते. पायाखालचा मुरूम म्हणजे तोच कातळ, कुजून भुगा झालेला. उन्हाळ्यात तो दगडासारखा घट्ट असतो आणि दोन पावसांत त्याचा राडा होतो.

नद्यांनी या मुलखाचे खोऱ्याखोऱ्यांत तुकडे केले. ‘बारा मावळ’ म्हणतात ते हेच. गुंजवणीच्या खोऱ्यात गुंजण मावळ, तेथे शिळीमकर देशमुख. कानंदीच्या खोऱ्यात कानद खोरे, तेथे मरळ. भोरच्या बाजूला रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल. प्रत्येक खोऱ्याचे वतन वेगळे, भांडणे वेगळी. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर खिंड चढावी लागे. या देशमुखांना एका झेंड्याखाली आणणे ही शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या राजकारणातील सर्वांत अवघड गोष्ट होती, ती का, हे नकाशावर बोट फिरवून कळत नाही. पाबे खिंडीचा चढ पायडल मारत चढणाऱ्याला ते बहुधा लवकर कळत असावे.

खडबडीत वाट ही येथे केवळ निसर्गाची देणगी नव्हती. ती राज्याची नीती होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांविषयी जो उपदेश आहे, त्याचा आशय असा: गडाची वाट सुगम असू नये, सुगम असेल तर ती मोडून झाडी वाढवावी आणि अवघड जागेतून दुसरी काढावी. आजच्या भाषेत सांगायचे तर रस्ता खराब ठेवणे हे त्या राज्याचे बांधकाम खाते करीत असे.

त्याचा अनुभव मोगलांनी दोनदा घेतला. १६६५ च्या एप्रिलमध्ये मिर्झाराजे जयसिंगाचा पुरंदरला वेढा चालू असताना दाऊदखान कुरेशीच्या हाताखालची फौज रोहिड्याच्या आणि राजगडाच्या परिसरातील गावे जाळण्यासाठी धाडली गेली. गावे जळाली. त्या उन्हाळ्यात या खोऱ्यांतील रयतेने जे सोसले ते विसरून केवळ गडांचे पोवाडे गाणे बरे नव्हे. पण राजगडाच्या पायथ्याची जमीन इतकी उंचसखल होती की फौजेला तेथे तळ देता आला नाही. ती मागे फिरून गुंजण खोऱ्याच्या घाटाजवळ थांबली. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. राजगड आणि तोरणा त्या बारांत होते.

दुसरा प्रसंग औरंगजेबाचा. १७०३ च्या अखेरीस बादशहा स्वतः पुण्याहून राजगडावर निघाला. वाट सपाट करण्यासाठी बेलदार आणि पाथरवट आधीच पुढे पाठवले होते, तरीही घाटात तोफा आणि सामान अडकलेच. फेब्रुवारी १७०४ मध्ये राजगड पडला, मार्चमध्ये तोरणा. पुण्यापासून दोन दिवसांच्या वाटेसाठी हिंदुस्थानच्या बादशहाला कित्येक आठवडे लागले, हा आकडा पुरेसा बोलका आहे. हे गडही त्याच्याकडे फार काळ राहिले नाहीत.

मग मढे घाट. ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगड घेताना तानाजी मालुसरे पडले. त्यांचे पार्थिव पोलादपूरजवळच्या उमरठ्याला याच घाटाने नेले, म्हणून नाव ‘मढे’, अशी परंपरा आहे. तिला समकालीन कागदाचा आधार नाही आणि स्थळनावांच्या अशा व्युत्पत्ती पुष्कळदा मागाहून जुळवलेल्या असतात. मात्र परंपरेतली वाट भूगोलाला धरून आहे. सिंहगडाच्या पायथ्याहून पाबे खिंड, वेल्हे, केळद आणि खाली बिरवाडीकडे, हा कोकणात उतरण्याचा स्वाभाविक मार्ग आहे. राजगडाहून रायगडाकडे जाणाऱ्यालाही तो सोयीचा. कथेत पुरावा नसला तरी वाटेची स्मृती आहे.

रोजच्या काळात या घाटांवरून शवे नव्हेत तर गोण्या जात. कोकणातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर येई, देशावरून धान्य आणि गूळ खाली उतरे. लादलेल्या बैलांचे तांडे हेच त्या काळचे मालवाहन. चाक येथे नव्हतेच. आणि घाट संपले ते चाकामुळे. १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने खंडाळ्याच्या बोर घाटातून गाडीरस्ता खुला केला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली. (हा बोर घाट आणि भोर गाव यांचा संबंध नाही. इंग्रजी लेखनामुळे होणारा हा गोंधळ अजूनही पुस्तकांत सापडतो.) जड माल तिकडे वळला. मढे आणि शेजारचा उपांड्या यांसारख्या वाटा मग गावकऱ्यांच्या, गुराख्यांच्या आणि अलीकडे गिर्यारोहकांच्या उरल्या. ग्रॅव्हल सायकलचा रस्ताही केळदच्या कड्यावरच संपतो. खाली उतरायचे तर सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि तीही कोरड्या दिवसांत.

राहता राहिला खडीचा रस्ता. तो शिवकालीन नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाखो माणसांना खडी फोडायच्या कामावर लावले. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ते काम हक्क झाले. ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य मातीचे आणि खडीचे रस्ते या योजनेतून निघाले. त्यावर घाम गाळलेल्यांत बायांची संख्या मोठी होती. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

इटलीतल्या तोस्काना प्रांतात १९९७ मध्ये ‘ल एरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली ती पांढऱ्या मातीचे रस्ते डांबरापासून वाचवण्यासाठी. तो विचार येथे जसाच्या तसा आणू नये. वेल्हे तालुक्यात, ज्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, पावसाळ्यात वाडीचा मुरूम वाहून गेला की बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागते. तेथे डांबराला नावे ठेवणे हा शहराचा छंद होईल. जपायला हवी ती वाटेची नोंद: खिंडीचे नाव, घाटमाथ्यावरचे पाण्याचे टाके, दगडात खोदलेल्या पायऱ्या, चौकीच्या जोत्याची जागा. सायकलस्वार ज्या गतीने जातो त्या गतीने हे दिसते, मोटारीतून दिसत नाही.

काही वाटा तर डांबराखालीही नाहीत. भोरजवळ वेळवंडी नदीवर इंग्रजांनी १८८१ पासून भाटघरचे धरण बांधले. १९२८ मध्ये त्याच्या जागी अधिक उंचीचे लॉइड धरण पुरे झाले. नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणची शेते भिजली आणि वेळवंड खोऱ्याचा तळ पाण्याखाली गेला. नदीकाठची जुनी वाट त्यातच गेली. आजचा रस्ता जलाशयाच्या वरून, प्रत्येक ओढ्याला वळसा घालत जातो. उन्हाळ्यात पाणी उतरले की कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर चिखलातून वर येते. तेवढ्या दिवसांत लोक दर्शन उरकून घेतात, आणि पाऊस लागला की ते पुन्हा बुडते.