दंतपंक्तीची बखर

इ. स. 1701 मध्ये रिगो नामक चित्रकाराने काढलेले फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे जे भव्य तैलचित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, त्यातला राजाचा भरजरी झगा, कमरेची तलवार, तांबड्या टाचांचे जोडे आणि रेशमी मोज्यांतले डौलदार पाय हे सारे डोळे दिपवणारे असले, तरी त्या ऐश्वर्याच्या मधोमध असलेले मुख मात्र घट्ट मिटलेले असून गाल आत ओढलेले आहेत. कारण ज्याच्या हुकमाने अर्धा युरोप हादरत असे, त्या राजाच्या वरच्या जबड्यातील बहुतेक दात तोपर्यंत गेलेले होते. दरबारात दात दाखवून हसणे हे ग्राम्यपणाचे लक्षण मानले जाई, आणि हा शिष्टाचार जितका विनयातून तितकाच नाइलाजातून उत्पन्न झाला असावा, असा संशय मला येतो.

त्याच पॅरिसात पिएर फोशार याने 1728 साली दंतविद्येवरील आपला द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दात उपटणाऱ्या बाजारी वैदूंच्या हातून हा धंदा काढून त्याला शास्त्राची बैठक दिली. दात किडतात ते आतल्या किड्यामुळे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही तसा किडा आपल्याला कधी आढळला नाही असे सांगून त्याने मोडीत काढली. मात्र तोच गृहस्थ स्वतःच्या मूत्राने चुळा भरण्याचाही सल्ला देतो, हे त्याच्या चरित्रकारांनी सहसा दडवू नये. पुढे 1787 च्या शाही चित्रप्रदर्शनात व्हिजे ल ब्रून या चित्रकर्त्रीने कन्येला कवटाळून बसलेले आपले चित्र मांडले, तेव्हा त्यात ओठांआडून किंचित दिसणाऱ्या शुभ्र दातांवरून रसिकांत केवढी कुरकुर झाली! शुभ्र दंतपंक्ती म्हणजे सौंदर्य, हे समीकरण तेव्हा नुकते रूढ होऊ लागले होते, आणि ते सार्वत्रिक तर मुळीच नव्हते. मायफळ आणि हिराकस कुटून केलेले दातवण लावून दात काळेभोर करणाऱ्या आपल्याकडील सुवासिनींना तो काळेपणाच शोभेचा वाटे. जपानातही लोखंड आणि मायफळासारखीच तुरट फळे यांच्या योगाने दात रंगवण्याची चाल होती, आणि तिथल्या सम्राज्ञीने 1873 साली ती सोडली, तेव्हा कुठे तिला ओहोटी लागली.

तथापि या बखरीचा सर्वांत रंजक अध्याय चिनी मातीचा आहे. पॅरिसजवळच्या सँ-जर्मँ गावी द्यूशातो नावाचा एक औषधविक्या राहत असे. तो पाणघोड्याच्या दातापासून कोरलेली कवळी वापरी; पण ती लाळ आणि औषधांचे वास शोषून अशी काही कुबट होई, की बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यालाच तिचा ताप अधिक. दुकानातल्या चिनी मातीच्या भांड्यांना मात्र वास लागत नाही, हे पाहून 1774 च्या सुमारास त्याने एका कारखान्यातून तशाच मातीची कवळी भाजून घेतली. परंतु भट्टीत माती आकसते, आणि कवळी केसभर आकसली तरी ती हिरडीवर बसत नाही. हा आकसण्याचा हिशेब जमवण्यासाठी त्याने द्युबुआ द शेमाँ या दंतवैद्याचे साहाय्य घेतले. द्युबुआने मातीचे मिश्रण सुधारले, भाजणीचे तंत्र साधले आणि शेवटी 1789 साली राजाची सनद मात्र स्वतःच्याच नावे करून घेतली. मूळ कल्पकाच्या पक्षाकडून फिर्याद झाली, ती फेटाळली गेली, आणि क्रांतीच्या धामधुमीत द्युबुआ लंडनला जाऊन तिथलाही मक्ता मिळवता झाला. 1808 साली इटालियन फोन्झी याने प्लॅटिनमचे आकडे बसवलेले सुटे दात घडवले, तेव्हा हा माल खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला.

चिनी मातीचे दात ठिसूळ आणि अनैसर्गिक पांढरे असल्यामुळे श्रीमंतांची पसंती दीर्घकाळ मानवी दातांनाच होती, आणि ते दात कोठून येत हे विचारण्याची चाल नव्हती. इंग्रज चित्रकार रोलँडसनच्या 1787 च्या एका व्यंगचित्रात धनिकांच्या मुखात बसवण्यासाठी दरिद्री धुराडेझाड्या पोराचा दात उपटला जात असल्याचे दाखवले आहे. 1815 साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या तरुण शिपायांचे दात काढून ते विकले गेले, आणि ‘वॉटर्लूचे दात’ हे नाव पुढे कित्येक वर्षे बाजारात चालले.

सामान्य माणसाला परवडणारी कवळी आली ती रबराच्या धंद्यातून. गुडइयर घराण्याने शोधलेल्या कडक रबरापासून दात बसवण्याची बैठक बनवणे स्वस्त पडे. परंतु त्याच्या मालकी हक्काची वसुली करणारी कंपनी अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या मागे इतकी हात धुऊन लागली, की 1879 साली सॅन फ्रान्सिस्कोत तिचा खजिनदार जोसाया बेकन याला एका त्रस्त दंतवैद्याने गोळी घालून ठार केले. दंतविद्येच्या इतिहासात रक्त सांडले ते केवळ हिरड्यांतूनच नव्हे!

यानंतरचे उपाय भराभर आले. डेट्रॉइटच्या चार्ल्स लँडने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खऱ्या दातावर चढवायची पोर्सेलीनची टोपी तयार केली. कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस याने 1930 च्या आगेमागे सिनेनटांच्या दातांवर पातळ पापुद्रे चिकटवले, पण ते केवळ चित्रीकरणापुरते; जेवायला बसताना नटाला ते काढून ठेवावे लागत. ते कायमचे टिकवण्याची किल्ली 1955 साली रॉचेस्टरच्या मायकल ब्युओनोकोर याला सापडली, आणि तीही परक्याच धंद्यात: धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत, तेच त्याने दाताच्या इनॅमलवर लावले, पृष्ठभाग खडबडीत झाला आणि त्यावर राळेसारखे द्रव्य घट्ट धरले. दंतवैद्याने शोधावे ते कुंभाराने, रबरवाल्याने आणि रंगाऱ्याने पुरवावे, असा या धंद्याचा संप्रदायच दिसतो.

आज व्हिनियर, म्हणजे दातांवरचे हेच पातळ पापुद्रे, बसवून घेण्यास जाणाऱ्या वाचकाने एक प्रश्न आधी विचारावा: माझ्या दाताचे किती इनॅमल घासणार? काही प्रकारांत ते फार थोडे घासावे लागते, काहींत मुळीच नाही. पण एकदा घासले गेलेले इनॅमल शरीर पुन्हा निर्माण करीत नाही.